प्रवासवर्णनं वाचायची आहेत? तीन पुस्तकं पुरेत

एकदम दहा पुस्तकांची यादी मागू नका, निम्मी कपाटातच राहतील. सुरुवातीला एवढं करा:

१. पु. ल. देशपांडे यांचं 'अपूर्वाई' आधी घ्या. युरोपची सफर आहे, शि. द. फडणीसांची चित्रं आहेत. आवडलं तर 'पूर्वरंग' आपोआप हातात येईल.

२. मग दि. बा. मोकाशींचं 'पालखी'. आळंदी ते पंढरपूर, पायी. मोकाशी भाविक म्हणून नाही, तर कुतूहलाने आणि थोड्या संशयाने चालतात. दमतात, माणसं न्याहाळतात. परदेश नाही, विमान नाही, म्हणून लोक याला बाजूला ठेवतात. माझ्या मते मराठीतलं हे सर्वांत कमी लेखलेलं प्रवासाचं पुस्तक.

३. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' तिसरं. दक्षिणा मिळवायला कोकणातल्या वरसईहून उत्तरेकडे निघालेला भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडतो, झाशीचा वेढा आतून पाहतो. १९०७ ची पहिली आवृत्ती चिं. वि. वैद्यांनी बरीच संपादित केली होती. आत्ता मूळ मजकूर आणि छापील मजकूर यांतल्या फरकांच्या वादात शिरू नका, मिळेल ती प्रत वाचा.

नवे वाचक बहुतेक दोन ठिकाणी अडखळतात. एक, 'सगळ्यात जुनं आधी' हा हट्ट. दुसरं, ही पुस्तकं सहलीची माहितीपुस्तिका समजून वाचणं. 'अपूर्वाई' १९६० चं आहे हो, त्यातले हॉटेलचे दर आज कशाला शोधायचे!

गंगाधर गाडगीळ, अनंत काणेकर, मीना प्रभू यांची प्रवासवर्णनं नंतर. आधी ही तीन संपवा आणि 'पालखी' कसं वाटलं ते कळवा.