वाचकांचे प्रश्न : कॅरॅव्हॅन मुक्कामाला, ई-सायकल गावात

प्रश्न : नुकताच निवृत्त झालो आहे. आरटीओची रीतसर परवानगी घेऊन आम्ही एका टेंपो ट्रॅव्हलरची कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करून घेतली असून, डिसेंबरात मी आणि पत्नी हरिहरेश्वरपासून मालवणपर्यंत पंधरा दिवस रमतगमत जाणार आहोत. मुक्कामाच्या गावी देऊळ, बाजार आणि समुद्र एवढ्यासाठी दर वेळी ती मोठी गाडी बाहेर काढायची नाही, म्हणून दोन ई-सायकली घ्याव्यात असे मनात आहे. कोकणच्या रस्त्यांवर त्या चालतील का, आणि चार्जिंगचे काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपला विचार योग्य आहे. हर्णै-आंजर्ल्याच्या किंवा देवबागच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असतात, आणि समोरून एसटी आली की टेंपो ट्रॅव्हलर मागे घेताना चालकाची परीक्षाच असते. तेथे सायकलच शोभते. मात्र विक्रेता आपल्याला एका चार्जमध्ये सायकल किती किलोमीटर जाते ते सांगेल. आपण चढाचे विचारावे. किनाऱ्याची गावे पुळणीलगत, माडपोफळींच्या आगरांत वसलेली असतात आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाताना मध्ये सडा, म्हणजे कातळाचे पठार, आडवा येतो, त्यामुळे रस्ता खाडीच्या पातळीवरून सड्यावर चढतो आणि पलीकडे तितकाच उतरतो.

हिशोब करून पाहू. सर्वसाधारण ई-सायकलीची बॅटरी 36 व्होल्ट आणि 10 अँपिअर-अवरची, म्हणजे 360 वॅट-अवरची असते. सपाट रस्त्यावर पेडल मारत गेल्यास किलोमीटरला दहा-बारा वॅट-अवर लागतात, त्यामुळे तीस किलोमीटर सहज होतात. पण स्वार आणि सायकल मिळून 105 किलो वजन 100 मीटर उंच न्यायचे, तर मोटारीतले नुकसान धरून 40 वॅट-अवर खर्च होतात. म्हणजे शंभर मीटरचा प्रत्येक चढ सपाटीवरचे तीन-चार किलोमीटर खाऊन टाकतो. शिवाय दर दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर 250 वॅटची मोटार एकटीच्या जोरावर ताशी सहा-सात किलोमीटरपेक्षा वेगाने नेऊ शकत नाही, आणि चाकाच्या तुंब्यात बसवलेली हब मोटार इतक्या कमी वेगात लवकर तापते. पेडलपाशी बसवलेली मिड-ड्राइव्ह मोटार सायकलीच्या गिअरमधून जोर लावत असल्याने चढाला उजवी ठरते, पण किमतीतही ती बरीच वर असते. पंधरा दिवसांच्या हौसेसाठी गिअर असलेली हब मोटारची सायकल पुरेशी आहे, असे माझे मत आहे. चढ लागण्याआधीच सर्वांत हलका गिअर टाकावा आणि पाय थांबवू नयेत. हे मी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या चढावर शिकलो. पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर वर जाण्याचा हट्ट धरला, निम्म्या वाटेत मोटारीने मान टाकली, आणि पंचवीस किलोंची सायकल ढकलत देवापुढे पोहोचेपर्यंत नवस फेडल्याइतका घाम गाळला.

तेव्हा मुक्काम निवडताना गावाचा उतार पाहावा. तारकर्ली ते देवबाग हा कर्ली खाडी आणि समुद्र यांमधला चिंचोळा पट्टा जवळपास सपाट आहे. गुहागर गावातही व्याडेश्वराचे देऊळ, बाजार आणि किनारा हे सारे पायाखालच्या अंतरात आहे. याउलट गणपतीपुळ्याहून आरे-वारेकडे जाणारा रस्ता कितीही देखणा असला, तरी तो आपल्या गाडीतून पाहावा. हरिहरेश्वरी मुक्काम असताना एक दिवस कॅरॅव्हॅन तेथेच ठेवून सायकलींनी बागमांडल्याला जावे आणि फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वीमार्गे नाना फडणवीसांच्या वेळासला जाऊन यावे. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ मात्र धक्क्यावरच विचारून घ्यावी.

विकत घेताना मोटार 250 वॅटच्या आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या मर्यादेत असल्याची, तसेच पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र असल्याची खात्री करावी. अशा सायकलीला नोंदणी आणि परवाना लागत नाही. ‘वेगाचे लॉक काढून देतो, चाळीसने पळेल’ असे सांगणारा दुकानदार आपल्या गळ्यात विनानोंदणी मोटारसायकल मारत असतो. दोन सायकलींचे वजन पन्नास किलोंच्या घरात जाते. ते मागच्या रॅकवर टांगताना बॅटऱ्या काढून गाडीत घ्याव्यात आणि नंबर प्लेट व मागचे दिवे झाकले जाणार नाहीत असे पाहावे.

आता चार्जिंग. सोबतचा 2 अँपिअरचा चार्जर साधारण शंभर वॅट ओढतो आणि रिकामी बॅटरी भरायला पाच तास घेतो. दोन्ही चार्जर इन्व्हर्टरवर एकदम लावले, तर गाडीतल्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून सतत वीसेक अँपिअर, म्हणजे पाच तासांत सुमारे शंभर अँपिअर-अवर जातील. आपली ही पंखा-दिव्यांसाठीची बॅटरी 100 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड असेल, तर ती निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, त्यामुळे एका वेळी एकच सायकल चार्ज करावी, नाहीतर रात्री पंखा बंद पडेल. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी वीज देणारा असावा. छपरावर सौर पॅनेल असल्यास एक गंमत ध्यानात येईल : सावलीसाठी माडाखाली गाडी लावली की पॅनेल झाकते, आणि वरून नारळ पडला तर पॅनेलच राहत नाही. गाडी उघड्यावर आणि आपण सावलीत, हीच व्यवस्था बरी. बॅटरी उन्हात तापलेल्या बंद गाडीत ठेवू नये, आणि आपण ज्या गाडीत झोपतो तिच्यात रात्री चार्जिंग करू नये.

खाऱ्या हवेबद्दल आपण विचारलेले नाही, पण सायकलींचा खरा शत्रू तीच आहे. मालवणच्या एका मुक्कामात आठव्या दिवशी माझी सायकल सुरू होईना. बॅटरी भरलेली, दिवा हिरवा. शेवटी खाचेतून बॅटरी बाहेर काढून पाहिली, तर तांब्याच्या दोन पात्यांवर जुन्या समईवर चढतो तसा हिरवा कळंक चढला होता. तो कोरड्या ब्रशने घासून काढला आणि सायकल चालू लागली. तेव्हापासून डायइलेक्ट्रिक ग्रीसची (विजेच्या जोडांना ओल लागू न देणाऱ्या) छोटी नळी मी सोबत ठेवतो आणि त्या पात्यांना तिचा पातळ हात देतो. रोज संध्याकाळी बॅटरी काढून सायकल गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावी, साखळीला तेल द्यावे. पाइपाचा जोराचा फवारा मात्र मारू नये, कारण शिंतोड्यांना तोंड देणारे सील त्या दाबाला टिकत नाहीत.

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमचा घरगुती निवासाचा व्यवसाय आहे. 2021 मध्ये राज्याचे कॅरॅव्हॅन धोरण आल्यापासून अंगणात गाडी लावू द्याल का, अशी विचारणा होऊ लागली आहे. पाहुणे ई-सायकली चार्ज करायला मागतात. विजेचे किती पैसे घ्यावेत, आणि आगीचा धोका कितपत आहे?

उत्तर : एक रिकामी बॅटरी भरायला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते, म्हणजे दोन सायकली मिळून एक युनिटही होत नाही. त्यासाठी वेगळा आकार लावणे पाहुण्याच्या मनात किंतु निर्माण करील. आपले बिल वाढते ते कॅरॅव्हॅनचा एसी रात्रभर चालल्याने, तेव्हा त्या जोडणीसाठी स्वतंत्र उपमीटर बसवावा आणि जितकी युनिटे पडतील तितके पैसे घ्यावेत, म्हणजे वादाला जागा उरत नाही.

आगीची भीती अनाठायी नाही. लिथियमची बॅटरी क्वचित पेटते, पण पेटली की आवरत नाही. मार बसलेली, फुगलेली किंवा परक्या चार्जरवर लावलेली बॅटरी दिसल्यास नम्रपणे नकार द्यावा. चार्जिंगची जागा पडवीत नको, आणि जिथे नारळाची सोडणे, झावळ्या किंवा पेंढा रचलेला असतो तिथे तर मुळीच नको. खळ्याच्या कडेला चिऱ्याची भिंत आणि वर पत्रा असेल अशी उघडी, सावलीची जागा द्यावी, अर्थिंग तपासून घ्यावे आणि पाण्याचा नळ जवळ असावा, कारण अशा आगीत भरपूर पाण्यानेच बॅटरी थंड करावी लागते. मे महिन्यात वळवाचे ढग गडगडू लागले की सगळे प्लग काढून ठेवण्याची आपल्याकडची जुनी सवय येथेही पाळावी.

प्रश्न : ओहोटीच्या वेळी पुळणीवरून ई-सायकल चालवली तर चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ओली वाळू टणक असते, म्हणून मोह होतो. पण कोरड्या वाळूत चाक रुतते, मोटार दुप्पट वीज ओढते आणि खारे पाणी बेअरिंगमध्ये शिरते ते वेगळेच. याहून मोठे कारण कासवांचे आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात, आणि पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे धावतात. बोटभर पिल्लाला चाकाने पडलेली चाकोरी ओलांडता येत नाही. ते तिच्यातच पुढे-मागे चालत राहते आणि कावळ्यांच्या तावडीत सापडते. सायकल सुरुबनात झाडाला कुलूप लावून ठेवावी आणि तेथून पुढे अनवाणी जावे.