एक रात्र ड्युटी रूममध्ये बसून ये

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

सिस्टरांसाठीच्या ऑनलाइन कोर्सचा तू पाठवलेला डेमो परवा रात्री जेवणं उरकल्यावर उघडला आणि शेवटपर्यंत केला. विषय प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, स्क्रीन 42. चित्रं सुरेख आहेत, आवाज स्वच्छ आहे, तुझी मेहनत जागोजागी दिसते. पण 42 पैकी 38 स्क्रीनवर मला एकच काम होतं, 'पुढे' दाबायचं. उरलेल्या 4 स्क्रीनवर प्रश्न होते आणि त्यांची उत्तरं आदल्याच स्क्रीनवर जशीच्या तशी होती. मेलमध्ये तू या कोर्सला इंटरॅक्टिव्ह म्हटलं आहेस. माझं बोट चाललं खरं, डोकं मात्र स्वस्थ बसून होतं.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे, कारण हीच चूक माझ्या हातून झालेली आहे. नर्सिंग ट्यूटर म्हणून बरीच वर्षं वर्गात शिकवल्यावर मी ऑनलाइन कोर्सच्या कामात आले, तेव्हा एका संस्थेसाठी आम्ही न रडणाऱ्या नवजात बाळाला श्वास कसा द्यायचा यावर कोर्स केला. पायऱ्या क्रमाने लावायचा त्यात खेळ होता. सिस्टरांना तो आवडला. सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क पडले, सर्टिफिकेटं निघाली. दोनेक महिन्यांनी मी एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, गेले आणि त्यातल्याच एका सिस्टरला मॅनेकिनवर, म्हणजे सरावाच्या बाहुलीवर, करून दाखवायला सांगितलं. क्रम अगदी अचूक. पुसलं, ऊब दिली, मान नीट केली, मास्क लावला, हवा देणारी हाताची पिशवी, अंबू बॅग, दाबायला लागली. तोंडाने लयीत मोजतही होती. पण बाहुलीची छाती हलत नव्हती. मास्क हनुवटीपाशी किंचित उचललेला होता आणि सगळी हवा तिथून फसफसत बाहेर जात होती. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. छाती उठते आहे का, हे आमच्या कोर्सने तिला एकदाही बघायला लावलं नव्हतं. बाळ श्वास घेत नसेल तर जन्मल्यापासून पहिल्या मिनिटाच्या आत त्याला श्वास द्यायला सुरुवात व्हावी लागते. म्हणून त्या मिनिटाला 'गोल्डन मिनिट' म्हणतात. खरं बाळ असतं तर ते मिनिट फुकट गेलं असतं, आणि तिला तसं शिकवणारी मी होते.

त्या दिवसापासून एक गोष्ट मी धरून आहे. हात मॅनेकिनवरच तयार होतो. स्क्रीनने नजर तयार करावी आणि निर्णय घ्यायला लावावा. प्रत्येक स्क्रीन लिहिताना स्वतःला विचार की इथे सिस्टर काय बघते आहे आणि काय ठरवते आहे. दोन्हीचं उत्तर नसेल तर ती स्क्रीन काढून टाक. अशाने तुझ्या 42 च्या 12 राहतील. राहू देत.

तुझाच विषय घेते. रात्रीचे सव्वातीन. बाळंतपण होऊन वीस मिनिटं झालीत, वार पूर्ण आली आहे, बाळ आईला लावलंय. सोबतची बाई म्हणते, "सिस्टर, अंगावरून लई जातंय." पॅड उचलून बघितलं तर चिंब. पोटावर हात ठेवला तर गर्भपिशवी सैल लागते. आता पहिलं काय?

याखालचे पर्याय असे हवेत की चांगल्या सिस्टरचाही हात क्षणभर थांबेल. तुझ्या डेमोत 'रुग्णास विश्रांती घेऊ देणे' असा पर्याय आहे. तो कोणीच निवडणार नाही, मग तो ठेवून उपयोग काय? त्याऐवजी 'आधी बीपी घेते' हा ठेव. हा मोह खरा आहे, वर्षानुवर्षांच्या सवयीचा आहे. आणि कोणी तो निवडला तर लाल अक्षरात 'चूक! पुन्हा प्रयत्न करा' असं लिहू नकोस. पुढे काय घडतं ते दाखव. बीपी 110/70. डॉक्टर फोनवर म्हणतात, "मग ठीक आहे, लक्ष ठेवा." चार मिनिटं जातात. नाडी 96 वरून 124 वर. दुसरा पॅडही भिजला. तरुण बाईचं शरीर बरंच रक्त जाईपर्यंत बीपी टिकवून धरतं, नाडी मात्र आधीच धावायला लागते. हे वाक्य पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्या चार मिनिटांतून गेल्यावर ते अंगात मुरतं. मग मागे जाऊन तिला दुसरा रस्ता घेऊ दे: मदतीला हाक, त्याच वेळी गर्भपिशवीला मसाज, ती आवळणारं ऑक्सिटोसिन, सलाईन, लघवीची पिशवी भरली आहे का ते बघणं.

चुकीच्या उत्तरापुढचा प्रसंग लिहायला बरोबर उत्तरापेक्षा तिप्पट वेळ जातो. तो वेळ दे, आणि लेबर रूममध्ये वर्षं काढलेली सिस्टर शेजारी बसवून लिही. हे पर्याय डॉक्टरांनाही एकट्याने सुचत नाहीत.

याच कोर्समध्ये रक्त किती गेलं याचा अंदाज नजरेने घ्यायचा सराव दिला आहेस. नजर इथे फसवते आणि बहुतेक वेळा कमीच सांगते. 2023 साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ई-मोटिव्ह अभ्यासाचा निकाल आला. त्यात खुणा असलेल्या पिशवीत रक्त मोजायचं आणि रक्तस्राव दिसला की सगळे उपाय एकामागोमाग न करता एकदमच सुरू करायचे, अशी पद्धत होती. तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम मिळून 60 टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा सराव ठेवायचा तर नजर किती चुकते हे कळावं म्हणून ठेव. आणि प्रत्येक मॉड्यूलवर ते कधी तपासलं त्याची तारीख टाक. औषधाच्या बाटलीवर एक्सपायरी असते, तशी कोर्सवरही असू दे.

आता बाळाचा श्वास मोजण्याच्या मॉड्यूलविषयी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त असतील तर ती धोक्याची खूण. 2 महिने ते 1 वर्षापर्यंत 50, त्यानंतर 5 वर्षांपर्यंत 40. तू हे तक्त्यात दिलं आहेस, तक्ता पाठ होतो आणि मोजणं राहून जातं. पूर्ण 60 सेकंदांचा व्हिडिओ ठेव, बाळाच्या उघड्या पोटाचा. शिकणारी प्रत्येक श्वासाला स्क्रीनवर बोट टेकवेल. अर्ध्या मिनिटाचा घेऊन दुप्पट करायचा नाही, तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच घाई करतो. संपल्यावर आकडा सांगून सोडून देऊ नकोस. तोच व्हिडिओ पुन्हा लाव आणि खाली तिने बोट टेकवलेल्या खुणा व खरे श्वास अशा दोन ओळी दाखव. बाळाने पाय झाडले तेव्हा आपले चार श्वास सुटले, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

या कामात मला गडचिरोलीचा श्वासमापक नेहमी आठवतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या दाईंसाठी तो केला. एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी, बाळाच्या वयाप्रमाणे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर श्वास जलद आहे. मोठे आकडे न येणारी बाईही निदान करू शकायची. ना वीज, ना रेंज, ना पासवर्ड. शिकणाऱ्याला काय येतं तिथून सुरुवात करणं म्हणजे काय, ते त्या वस्तूत बघ.

पासवर्डवरून आठवलं. तुझं लॉगिन ओटीपीवर आहे. आशाताईंचा फोन बरेचदा घरात सगळ्यांचा असतो, संध्याकाळी मुलाच्या हातात असतो आणि गावाला रेंज टेकडीवर गेल्यावर येते. एकदा लॉगिन झालं की पुन्हा विचारू नकोस. कोर्स डाउनलोड होऊ दे, प्रत्येक उत्तर फोनवरच साठव, रेंज आली की वर पाठव. मध्येच बाळंतपणाची केस आली तर फोन खिशात जाणार, तासाने उघडल्यावर ती होती तिथेच सापडली पाहिजे. एक तुकडा सहा-सात मिनिटांच्या वर नको.

भाषेबद्दल थोडं. 'तीव्र श्वसनसंसर्गाची लक्षणे' असं तू लिहिलंस. आई सांगते, "पोट उडतंय." आशाताईच्या कानावर पडणार ते हेच, तेव्हा प्रश्नही त्याच शब्दांत विचार. मेळघाटात तर आई कोरकू भाषेत सांगेल. तिथे तिथल्या आशाताईंच्या आवाजात रेकॉर्ड कर.

सर्टिफिकेट मिळालं की तुझा कोर्स संपतो, हे मला पटत नाही. शिकलेलं किती झपाट्याने विसरतं हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 सालीच मोजून दाखवलं होतं, आणि बॅग-मास्कसारखं कसब तर काही महिन्यांत गंजतं. आठवड्याला एक प्रसंग, तीन मिनिटांचा, फोनवर जाऊ दे. महिन्यातून एकदा दोन सिस्टरांनी मिळून मॅनेकिनवर करायचं. एक करेल, दुसरी फोनवर एवढंच टिपेल: छाती उठली का? आणि कुठेतरी जिवंत माणूस हवा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 साली 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. हेपटायटिस-सी या यकृताच्या आजाराचे पेशंट बघणारे लांबलांबच्या दवाखान्यांतले डॉक्टर व्हिडिओवर जमायचे आणि आपापली खरी केस मांडायचे. 2011 साली निकाल छापून आला, तेव्हा त्या दवाखान्यांतले पेशंट विद्यापीठाच्या दवाखान्याइतकेच बरे होत होते, 58.2 टक्के आणि 57.5 टक्के. महिन्याला एक तास असा ठेव, सिस्टरांच्या स्वतःच्या केसेसचा.

एक गोष्ट कोर्स बांधायच्या आधीच लेखी ठरवून घे: चुकीची उत्तरं कोणाला दिसणार? वरच्या ऑफिसला नावानिशी दिसली की मेमो निघतील. मेमो निघाले की व्हॉट्सॲपवर उत्तरं फिरतील, मी ती फिरताना पाहिली आहेत. तिच्या चुका तिला दिसू देत. ट्रेनरला नावाशिवाय एवढंच कळू दे की बऱ्याच जणी बीपीपाशी अडकतात.

आता तुझं काम. माझ्या ओळखीच्या एका पीएचसीतल्या सिस्टरांशी आणि डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे. येत्या शनिवारी रात्री 8 ला ये. लेबर रूमच्या आत तू जायचं नाही, ती त्या बाईची जागा आहे. बाहेर ड्युटी रूममध्ये बस, वही घेऊन. सिस्टर किती वेळा उठते, फोन कधी हातात घेते, रजिस्टर भरताना किती वेळा हाक येते, एवढंच लिही. पेशंटचं नाव नाही, फोटो नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात, मोजे आण.

आणि स्क्रीन 17 आजच बदल. ऑक्सिटोसिन तू कपाटात ठेवलेलं दाखवलं आहेस. ते फ्रीजमध्ये असतं, 2 ते 8 अंशांत.

तुझी,
मॅडम