‘अंत्यबिंदू’, ‘एकूण अस्तित्व’ आणि आजार उलटणे

प्रश्न असा आला आहे: स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या एका क्लिनिकल ट्रायलचे, म्हणजे रुग्णांवर उपचार पारखून पाहणाऱ्या अभ्यासाचे, मराठी माहितीपत्रक तपासताना ‘शस्त्रक्रियाक्षम रुग्णांवरील या अभ्यासाचा प्राथमिक अंत्यबिंदू एकूण अस्तित्व हा आहे’ असे वाक्य आढळले. ते चालेल का? आणि ‘एंडपॉइंट’साठी, म्हणजे उपचाराचा परिणाम ज्यावरून जोखायचा त्या ठरलेल्या गोष्टीसाठी, सर्वांनी वापरावा असा एकच मराठी शब्द ठरवता येईल का?

माझ्या मते हे वाक्य चालणार नाही. त्यातला एकेक शब्द पाहू.

‘क्षम’ लागला की मराठीत ते काम करण्याची ताकद समजते. कार्यक्षम माणूस काम करू शकतो. मग शस्त्रक्रियाक्षम कोण, करणारा की करून घेणारा? शिवाय इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णाला शस्त्रक्रिया सोसेल का, ही एक. आणि गाठ काढता येईल का, ही दुसरी. ट्रायलमध्ये हा शब्द दुसरीसाठी असतो. आतड्यांना रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी आणि तिच्या शेजारच्या मोठ्या नीला यांना गाठ किती बिलगली आहे, हे सीटी स्कॅनवर पाहून ते ठरते. निदान होते तेव्हा जेमतेम १५ ते २० टक्के रुग्णांची गाठ काढता येण्यासारखी असते. काही भाषांतरांत ‘विच्छेदनीय’ लिहितात, ते तर टाळाच. मराठी माणसाला त्यातून शवविच्छेदन आठवते. ओपीडीबाहेर बसलेले नातेवाईक विचारतात, ‘गाठ निघण्यासारखी आहे का?’ खाण्याजोगे, वाचण्याजोगे, तशी ‘काढण्याजोगी गाठ’ म्हणावे.

‘प्राथमिक’ म्हणजे आपल्याकडे सुरुवातीचे, पहिल्या पायरीचे. इथे ‘मुख्य’ हवे.

‘एकूण अस्तित्व’ मात्र मला फार खटकले. अस्तित्व देवाचे असते, संस्थेचे असते; आजारी माणसाचे जगणे असते. आणि ‘एकूण आयुष्य’ म्हटले तर जन्मापासूनचे वाटेल. ‘ओव्हरऑल सर्व्हायव्हल’ या मूळ संज्ञेतल्या ‘एकूण’चा अर्थ इतकाच, की मृत्यू कोणत्याही कारणाने आला तरी तो मोजायचा. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: हयात. निवृत्तिवेतन घेणारे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात. ट्रायलमध्येही ठरावीक काळाने हीच विचारपूस होते. ‘हयातीचा काळ’ आजीआजोबांनाही कळेल.

पण किती हयात, हे सांगताना कोणत्या दिवसापासून, हे सांगावेच लागते. शब्दाचा खरा प्रश्न इथे आहे, म्हणून जरा थांबतो. फ्रान्स व कॅनडातल्या ‘प्रॉडिज २४’ या ट्रायलमध्ये शस्त्रक्रियेनंतर एका गटाला केवळ जेमसिटाबिन हे केमोथेरपीचे औषध दिले होते. २०१८ च्या निष्कर्षांत त्या गटाची हयात ३५ महिने आली, तर चार औषधे एकत्र दिलेल्या गटाची ५४.४. नेदरलँड्समधल्या ‘प्रीओपँक’मध्येही एका गटावर आधी शस्त्रक्रिया आणि मग जेमसिटाबिन असाच बेत होता; तिथे आकडा आला १४.३ महिने. औषध तेच, शब्दही तोच, मग इतकी तफावत कशी? पहिल्या ट्रायलमध्ये घड्याळ सुरू झाले ते शस्त्रक्रिया पार पडून रुग्ण सावरल्यावर. ज्यांची गाठ पोट उघडल्यावर निघाली नाही किंवा जे शस्त्रक्रियेतून उठलेच नाहीत, ते मोजणीत आलेच नाहीत. दुसरीत घड्याळ शस्त्रक्रियेआधीच सुरू झाले होते, त्यामुळे सगळे मोजले गेले. शिवाय रक्तवाहिन्यांना काहीशा बिलगलेल्या गाठीही तिच्यात होत्या. हे दोन आकडे शेजारी ठेवून औषधाला चांगले-वाईट ठरवणे चूक आहे. (हे आकडे ‘सरासरी’ नाहीत, मध्यक आहेत, म्हणजे गटातले निम्मे रुग्ण त्याहून जास्त काळ जगले. शाळेत मध्य, मध्यक, बहुलक शिकूनही आपण छापताना सरासरीच लिहितो, याचे वाईट वाटते.)

दुसरी संज्ञा तुमच्या पत्रकात पुढे येईलच: ‘रोगमुक्त अस्तित्व’, म्हणजे ‘डिसीज-फ्री सर्व्हायव्हल’. रोगमुक्त म्हटले की माणूस बरा झाला असे वाटते, आणि घरच्यांना खोटी आशा लागते. आपल्या घराघरांत ‘ताप उलटला’, ‘दुखणे उलटले’ म्हणतात. बरे वाटत असताना आजार परत येणे, यासाठी याहून नेमके क्रियापद मला माहीत नाही. तेव्हा ‘आजार उलटेपर्यंतचा काळ’ लिहा. फक्त ‘किंवा मृत्यूपर्यंतचा, जे आधी घडेल ते’ ही जोड विसरू नका.

तरीही उलटला हे कोणी ठरवायचे? ‘अपॅक्ट’ या ८६६ रुग्णांच्या ट्रायलमध्ये हाच पेच पडला. बाहेरच्या तज्ज्ञांनी, कोणाला कोणते औषध दिले आहे हे न कळता, स्कॅन पाहिले तेव्हा हा काळ दोन उपचारगटांत १९.४ विरुद्ध १८.८ महिने निघाला, म्हणजे फरक जवळपास नाहीच. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदींनुसार तो १६.६ विरुद्ध १३.७ होता. मुख्य मोजमाप पहिले ठरले होते, म्हणून ट्रायल अयशस्वी म्हणून नोंदली गेली. शस्त्रक्रियेनंतर त्या जागी राहिलेला व्रण आणि पुन्हा वाढणारी गाठ स्कॅनवर वेगळी ओळखणे अवघड असते.

म्हणून या क्षेत्रातल्या लोकांनी व्याख्यांवर एकवाक्यता आणायचा प्रयत्न केला. ‘डेटकॅन’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने २०१४ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगापुरते हे काम केले: त्याच जागी गाठ येणे, दूर पसरणे, दुसराच कर्करोग होणे, मृत्यू, यांपैकी कोणती घटना कोणत्या मोजमापात धरायची, हे तज्ज्ञांच्या मतांच्या फेऱ्या घेऊन ठरवले. पुढे २०१९ मध्ये रुग्णांनाही विचारून, त्यांच्याकडून काय काय जाणून घ्यायचे याची एक गाभ्याची यादी झाली. तिच्यात जगण्याची प्रत, पोटाच्या तक्रारी आणि आजार उलटण्याची भीती हे सगळे आहे. भीतीही मोजायची गोष्ट मानली गेली, हे मला फार मोलाचे वाटते. या कामाला ‘प्रमाणीकरण’ म्हणावे. ‘प्रमाणित’ म्हणजे दाखला दिलेले, ते वेगळे.

आता ‘एंडपॉइंट’. रसायनशास्त्राच्या अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) रंग बदलतो तो क्षण ‘अंत्यबिंदू’ म्हणणे ठीक. पण कर्करोगाच्या रुग्णाच्या हाती द्यायच्या कागदावर अंत्यविधी, अंत्यदर्शन यांच्या पंगतीतला शब्द नको. ‘निकष’ मला आवडतो, सोने घासून पाहायचा दगड तो; पण त्याच पत्रकात ‘सहभागाचे निकष’ असतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. रुग्णाच्या बाबतीत जे घडते ते ‘फलित’, आणि ते ज्या ठरलेल्या रीतीने मोजायचे ते ‘मोजमाप’, अशी वाटणी मी सुचवतो. एकच शब्द सर्वांनी वापरावा, हे मलाही हवे आहे. पण आरंभ कोणता आणि कोणती घटना धरायची, हे त्या त्या वाक्यात आले पाहिजे.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘ज्यांच्या स्वादुपिंडातली गाठ काढण्याजोगी आहे, अशा रुग्णांचा हा अभ्यास आहे. यातले मुख्य मोजमाप हयातीचा काळ हे आहे. तुम्हाला कोणता उपचार मिळणार हे ज्या दिवशी ठरेल, त्या दिवसापासून तो मोजला जाईल.’ शेवटचे वाक्य मूळ आराखड्याशी ताडून पाहा. तिथे दिवस शस्त्रक्रियेचा असेल तर तोच लिहा, आणि दिवस दिलाच नसेल तर भाषांतर पुढे नेण्याआधी डॉक्टरांना विचारा.