जुनी जपानी चित्रपट-पोस्टरं जमवायची आहेत. फक्त पहिल्या प्रदर्शनाचीच घ्यावीत का? नक्कल कशी ओळखायची?

'फक्त पहिल्या प्रदर्शनाचीच' हे तुमच्या डोक्यात कोणी भरवलं ठाऊक नाही, पण पुण्यातल्या एका ज्येष्ठ संग्राहकांनी हेच वाक्य मला चारचौघांत ऐकवलं होतं. ते मी अजून विसरलेलो नाही.

नोकरीनिमित्त तोक्योत होतो तेव्हा शनिवारी जिम्बोचोला जायचो. जुन्या पुस्तकांची पेठच ती, आणि तिथे काही दुकानं निव्वळ सिनेमाच्या कागदांची. तिथेच मला अकिरा कुरोसावाच्या १९५४ सालच्या 'सेव्हन सामुराई' या सिनेमाचं, १९६७ च्या पुनर्प्रदर्शनाचं (रिव्हायवलचं) बी-टू आकाराचं पोस्टर मिळालं. दुकानदाराने ते खणातून काढलं आणि आधी पालथं करून पाठ दाखवली. घडी फाटलेल्या ठिकाणी कोणीतरी चिकटपट्टी लावलेली, तिचा पिवळा डाग पडलेला. तो डाग बोटाने दाखवूनच त्याने पोस्टर सुलटं केलं, आणि १९५४ चं नव्हे, रिव्हायवलचं आहे, हेही मी न विचारता सांगितलं. किंमत त्याच हिशेबाने लावली. माल असा विकावा.

पुण्यात आल्यावर हौसेने त्या काकांना दाखवायला नेलं. "रिव्हायवल ना? म्हणजे रिप्रिंटच की," म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं, आणि पुढचं पोस्टर मागितलं.

काका, रिप्रिंट नाही हो. रिप्रिंट म्हणजे घराच्या भिंतीवर लावायला नंतर कोणीतरी छापलेली प्रत. रिव्हायवलचं पोस्टर हा सिनेमा काढणाऱ्या खुद्द तोहो कंपनीने लोकांना थिएटरात आणण्यासाठी छापलं. १९५८ साली जपानमध्ये वर्षभरात ११२ कोटींहून जास्त तिकिटं खपली होती. मग घराघरांत टीव्ही आला, आणि १९६७ पर्यंत तो आकडा एक-तृतीयांशाच्याही खाली गेला. अशा पडत्या काळात तेरा वर्षांपूर्वीचा, तीन तासांहून मोठा कृष्णधवल सिनेमा पुन्हा पडद्यावर आणावासा वाटला, कारण मधल्या काळात कुरोसावाचेच 'योजिंबो' आणि 'रेड बिअर्ड' येऊन गेले होते. हा सगळा इतिहास १९५४ च्या पोस्टरात कुठून येणार? मला तरी १९६७ चा कागद कमअस्सल वाटत नाही. आपल्याकडे हिंदी सिनेमाची रि-रिलीज पोस्टरं 'ओरिजिनल' म्हणून गळ्यात मारतात, त्यात काका पोळले असतील, हे समजतं. पण तो दोष विकणाऱ्याचा, कागदाचा नव्हे.

आता नक्कल. बी-टू म्हणजे ५१.५ बाय ७२.८ सेंमी. कडा छाटलेली असली तर माप थोडं कमी भरेल, पण भलतंच माप असेल तर सोडून द्या. बहुतेक पोस्टरांवर साल छापलेलं नसतं, त्यामुळे ते शोधत बसू नका. भिंगाखाली बारीक अक्षरं बघा. जुन्या ऑफसेट छपाईत काळी अक्षरं सलग आणि धारदार असतात. स्कॅन करून छापलेल्या प्रतीत अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात. पन्नाशीच्या दशकातलं पोस्टर घडीशिवाय, पांढऱ्याशुभ्र पाठीचं मिळालं तर मी हात लावणार नाही.

बजेट कमी असेल तर चिराशी घ्या. थिएटरात फुकट ठेवली जाणारी ही बी-फाइव्ह आकाराची पत्रकं. रजनीकांतचा 'मुथु' १९९८ साली जपानमध्ये लागला आणि तुफान चालला, त्याच्या चिराशीपासून सुरुवात करायला काय हरकत आहे? 'पथेर पांचाली' तिथे १९६६ साली आर्ट थिएटर गिल्ड या कलात्मक सिनेमांच्या वितरण संस्थेने आणला होता, त्याचे कागद दिसले तर मात्र मला आधी कळवा. प्रेस शीट, म्हणजे प्रसिद्धीसाठी छापलेली माहितीपत्रकं, आणि शूटिंगच्या संहिताही विकायला येतात, पण जपानी वाचता येत नसेल तर त्यात पडू नका.

गुंतवणूक म्हणून विचारत असाल तर माझं उत्तर नाही. शिवाय आपल्या पावसाळ्यात हा कागद बुरशी धरतो, हेही आधी सांगायला हवं होतं. लॅमिनेशन चुकूनही करू नका, आणि फ्रेमवाल्याला कडा कापू देऊ नका. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे पाठीचा फोटो मागा. टाळाटाळ केली तर घेऊ नका, मग ते १९५४ चं का असेना.