कानाची पाळी शिवल्यावर कान वाजतायत, तर आधी श्रवणचाचणी करा

ताई, जड वेलांनी ओघळलेल्या दोन्ही पाळ्या तुम्ही जागेवर भूल घेऊन शिवून घेतल्या, त्या रात्रीपासून कानात रातकिडे किरकिरल्यासारखा आवाज आहे, आज नववा दिवस. सर्जन म्हणतात ऑपरेशनशी संबंध नाही. सहा वर्षांपूर्वी पापण्यांची जादा कातडी काढल्यावर माझंही असंच झालं होतं आणि मलाही हेच ऐकवलं गेलं. त्या उत्तरावर मी तीन आठवडे घरी बसून राहिले. तुम्ही बसू नका, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी भुलेचं. लिग्नोकेन, म्हणजे जागेवर टोचतात ते भुलेचं औषध, रक्तात जास्त गेलं तर कान वाजतात हे खरं आहे. सोबत ओठांभोवती बधिरपणा येतो, जिभेवर लोखंडासारखी चव येते. पण हे बहुतेक टेबलावरच, नाहीतर इंजेक्शननंतर थोड्याच वेळात होतं. दर दीड-दोन तासांनी रक्तातलं औषध निम्म्यावर येतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ते जवळजवळ संपलेलं असतं. शिवाय मात्रा बघा. दोन टक्क्यांच्या औषधात एका मिलीमागे २० मिलिग्रॅम असतात. दोन पाळ्यांना मिळून चार मिली धरले तरी ८० झाले. ५५ किलोच्या बाईला ॲड्रेनालिनशिवायसुद्धा साधारण २४५ पर्यंत चालतं. (चरबी काढताना भरपूर पातळ करून सोडतात त्याचा हिशोब वेगळा, तिथे औषध कित्येक तासांनी रक्तात चढतं.) त्यामुळे नवव्या दिवशीच्या आवाजाचा दोष भुलेवर टाकता येत नाही. पण म्हणून आवाज खोटा ठरत नाही, आणि कारण शोधायचं थांबवायचंही नाही.

डिस्चार्जचा कागद काढा. त्यात जेंटामायसिन किंवा अमिकासिनचं इंजेक्शन आहे का बघा. ही औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात. ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत चालू असेल तर तेही सांगा. दुसरं, पाळी धुताना औषधी पाणी किंवा रक्त कानात ओघळतं, आतला मळ फुगून बसतो आणि कान वाजायला लागतो. असं असेल तर कानाचे डॉक्टर बघून साफ करतील. पडद्याला आधीपासून भोक असेल तर मात्र नक्की सांगा, कारण क्लोरहेक्सिडिनसारखं जंतुनाशक आत गेलेलं चांगलं नाही. लसणाचं कोमट तेल घालायला घरचे सांगतील. घालू नका.

माझ्या बाबतीत चाचणीत वेगळंच निघालं. काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. आलेख सरळ चालला होता आणि ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाला, खड्ड्यात पडल्यासारखा खाली गेला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात माग होता का?" होता. सोलापुरात अशोक चौकाजवळ आमच्या घराखालीच चार यंत्रमाग होते. धोट्याचा खटखटाट दिवसभर चालायचा, वडील आम्हाला हातवारे करून जेवायला बोलवायचे. कान तेव्हाच अधू झाला असावा. ऑपरेशननंतर डोळ्यांवर थंड पट्ट्या, शांत खोली, झोप नाही, जबडा आवळलेला, त्यात तो आवाज वर आला. हे सिद्ध झालं असं डॉक्टरही म्हणाले नाहीत, पण मला पटलं. सोलापुरात मागाजवळ वाढलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

आता घाईचं. तुम्हाला ऐकू कमी येतंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. फोन आधी एका कानाला लावून बोलून बघा, मग दुसऱ्या. एका कानाने अचानक कमी येत असेल तर त्यावर स्टिरॉइड देतात आणि ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर जास्त उपयोग होतो. तुमचे नऊ दिवस गेलेत. नाडीच्या ठोक्यासारखा आवाज असेल तरी लवकर दाखवा. चक्कर किंवा तोंड वाकडं झालं असेल तर आजच निघा.

नाहीतर उद्या सकाळी सिव्हिलच्या कान-नाक-घसा ओपीडीत जा, किंवा तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे. 'कान वाजतो' एवढंच सांगून थांबू नका. ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) आणि पडद्याच्या दाबाची तपासणी करायची का, हे स्पष्ट विचारा. तोवर रात्री पंखा चालू ठेवा किंवा रेडिओ अगदी बारीक लावून झोपा, एकदम शांततेत आवाज मोठा वाटतो. माझा आवाज पूर्ण गेलेला नाही, पण आता आठ-आठ दिवस त्याची आठवणही होत नाही. रिपोर्ट आला की इथे लिहा, दोन्ही कानांचे आकडे वेगवेगळे लिहा.