ॲम्स्टरडॅमला पाच दिवस आहोत, नवरा आर्किटेक्ट आहे, तर आल्मेरेसारखं नवीन वसवलेलं शहर बघायला एक दिवस घालवावा का?

घालवा की. फक्त इथल्या कुठल्या डच माणसाला सांगू नका, तो आधी हसेल आणि मग विचारेल, आल्मेरेला? कशाला? आमच्या ऑफिसात तर आल्मेरे हा कायमचा जोक आहे. मी इथे जवळच राहते, घरी पाहुणे आले की नेते, आतापर्यंत पाचसहा वेळा झालं असेल, अजून तरी कोणी शिव्या घातल्या नाहीत.

मुळात ती जमीनच पाण्याखालची, आधी समुद्र, मग बांध घालून झालेलं तळं, मग १९६८ ला पाणी उपसून कोरडी केलेली. १९७६ ला पहिली माणसं राहायला आली आणि आज वस्ती दोन लाखांच्या वर. मी वाशीत वाढले त्यामुळे प्लॅन केलेलं शहर म्हटलं की माझ्या डोक्यात सेक्टर नंबरच येतात, इथे मात्र स्टेशनातून बाहेर पडलात की पहिली दहा मिनिटं वाटेल, हेच का ते? सरळ रस्ता, दुकानं, बस. थोडं पुढे चला. पुढचा भाग आर्किटेक्ट रेम कूलहासच्या ऑफिसने १९९४ ला आखलाय, तिथे जमीनच हळूहळू वर चढत जाते आणि गाड्या, पार्किंग, बस सगळं तुमच्या पायाखाली. सिटाडेल नावाची बिल्डिंग आहे, खाली दुकानं आणि वर छतावर चक्क गवत आणि गवताभोवती घरं. मग तळं लागतं, तिथे रेने फान झाउकची लाटेसारखी वळलेली ॲल्युमिनियमची बिल्डिंग आणि शेजारी साना (SANAA) या जपानी आर्किटेक्ट ऑफिसने केलेलं थिएटर, पांढरं, पातळ भिंतींचं, पाण्यात उभं.

पण खरं सांगू का, मला यातलं काहीच फार आवडत नाही, फोटो छान येतात इतकंच, आणि वारा असा की माझी एक छत्री तिथेच गेली. मला आवडते ती दे फांतासी नावाची घरांची वस्ती. १९८२ ला एक स्पर्धा झाली, बांधकामाचे नेहमीचे नियम विसरा, पाच वर्षांपुरतं घर बांधा, जागा आम्ही देतो. जिंकलेल्यांनी बांधली, आणि पाच वर्षांनी पाडायची घरं आज चाळीस वर्षांनी पण उभी आहेत, लोक राहतायत, बाहेर कपडे वाळत असतात. आर्किटेक्ट यान बेंथेमचं काचेच्या भिंतींचं घर इथलंच, तुमच्या नवऱ्याला नक्की माहीत असेल. तशीच दुसरी वस्ती दे रेआलिटाइट, ती नंतरच्या स्पर्धेतली, थोडी लांब आहे. दोन्हीकडे माणसं राहतात हं, खिडकीत डोकावू नका, मी एकदा डोकावले आणि आतल्या आजींनी हात केला, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेळ उरला तर हिरवं कॅथेड्रल. मारिनुस बूझेम नावाच्या कलाकाराने १९८७ ला १७८ पॉप्लरची झाडं फ्रान्समधल्या रान्सच्या कॅथेड्रलच्या आराखड्यावर लावली, ती आता म्हातारी होऊन पडतायत, आणि शेजारच्या जंगलात तोच आकार मोकळा ठेवलाय, म्हणजे एक देऊळ पडत जाईल तसं दुसरं आजूबाजूची झाडं वाढून तयार होईल. सासूबाई तिथून हलायलाच तयार नव्हत्या.

ॲम्स्टरडॅमहून ट्रेन अर्ध्या तासाच्या आत पोचते, बँकेचं कार्ड टॅप करून जाता येतं. सायकल दुकानातून भाड्याने घ्या, स्टेशनवरच्या निळ्या-पिवळ्या सायकलींना सबस्क्रिप्शन लागतं. लेलीस्टाडचं केशरी थिएटर बघायचं असेल तर तीच ट्रेन पुढे पंधरा मिनिटं, बाकी लेलीस्टाडात उतरायचं दुसरं कारण माझ्याकडे नाही. आणि सोमवारी सकाळी जाऊ नका, दुकानं बरीचशी दुपारपर्यंत बंद असतात, आम्ही तेव्हा कॉफीसाठी तासभर भटकलो होतो.