‘संस्कृतीला मिठी मारणारा मिशनरी’ : ‘एम्ब्रेस’साठी मराठी क्रियापद कोणते?

टेक्ससमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. शेजारच्या घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी म्हणून दोन वर्षांसाठी बाहेर पडला असून स्पॅनिश बोलणाऱ्या वस्तीत काम करतो. त्याचा छोटासा परिचय त्यांना आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहायचा आहे. हाताशी असलेल्या इंग्रजी मजकुरातले ‘एम्ब्रेस’ हे क्रियापद असलेले मुख्य वाक्य भाषांतरयंत्राने असे उतरवून दिले : ‘तरुण मिशनरी ज्यांची सेवा करतो त्या लॅटिनो स्थलांतरित संस्कृतींना मिठी मारतो.’ मिठी नको, एवढे त्यांनाही कळते. ‘कवटाळतो’, ‘स्वीकारतो’, ‘अंगीकारतो’, ‘आत्मसात करतो’ यांपैकी कोणते क्रियापद घ्यावे, असे त्या विचारतात. मुलाच्या पत्राच्या शेवटी ‘उन आब्रासो’ असे स्पॅनिश शब्द आहेत, त्यांचे काय करावे, हाही त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते या चारांपैकी एकही क्रियापद येथे चालणार नाही. नुसते ‘चालणार नाही’ म्हणून भागत नसल्यामुळे प्रत्येकाचे कारण सांगतो.

‘कवटाळणे’ सर्वांत आधी बाजूला ठेवावे. प्रेताला कवटाळून आक्रोश करतात, जुन्या समजुती कवटाळून बसतात, आणि वर्तमानपत्रातला माणूस जेव्हा ‘मृत्यूला कवटाळतो’ तेव्हा तो मेलेला असतो. सोडायला हवे ते न सोडणे, ही छटा या शब्दाला इतकी चिकटली आहे की संस्कृती कवटाळणारा मुलगा वाचकाला हट्टी तरी वाटेल किंवा दुःखी तरी.

‘स्वीकारणे’ हा एरवी निरुपद्रवी शब्द आहे, पण या वाक्यात तो घातक ठरतो, कारण कर्ता मिशनरी आहे. मराठीत ‘मिशनरी’ आणि ‘स्वीकारणे’ हे शब्द शेजारी आले की वाचकाच्या मनात धर्मांतर उभे राहते आणि कोणी कोणाचे काय स्वीकारले, हे तो शोधू लागतो. ‘मिशनऱ्याने लॅटिनो संस्कृती स्वीकारली’ असे वाचल्यावर हा मुलगा आपला पंथ सोडून त्या वस्तीतल्या बहुसंख्यांप्रमाणे कॅथलिक झाला की काय, अशी शंका कोणालाही येईल. इंग्रजीतही धर्म ‘एम्ब्रेस’ करतात, स्पॅनिशमध्येही धर्माला जोडून ‘आब्रासार’ हेच क्रियापद येते. पण तिथे त्या शब्दात हात आणि ऊब शिल्लक आहेत. ‘आब्रासार’मध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू स्पष्ट ऐकू येतो. आपल्या ‘स्वीकार’मध्ये फक्त ‘स्व’ उरला आहे, आणि अलीकडे तर अर्ज, राजीनामा आणि ऑनलाइन पैसे एवढेच आपण प्रामुख्याने स्वीकारतो.

‘अंगीकारणे’ या शब्दाविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण तो अर्थाच्या सर्वांत जवळ येतो आणि तरीही चुकतो. जे आपले अंग नव्हते त्याला अंग करणे, हा त्याचा मूळ संस्कृत अर्थ आहे आणि तो सुंदर आहे. मात्र मराठीत, विशेषतः संतवाङ्मयात, या शब्दाला एक दिशा मिळाली. ‘अंगिकार ज्याचा केला नारायणें’ असे तुकोबा म्हणतात, तेव्हा अंगीकार करणारा मोठा आणि ज्याचा अंगीकार होतो तो लहान, निंद्य ठरवला गेलेला असतो. देव भक्ताचा अंगीकार करतो, भक्त देवाचा करीत नाही. व्रत, धोरण, जीवनपद्धती यांचा अंगीकार आपण करतो तेव्हा ही उतरण जाणवत नाही. परंतु गोऱ्या अमेरिकन मुलाने मजुरी करून राहणाऱ्या परक्या लोकांच्या संस्कृतीचा ‘अंगीकार केला’ म्हटले की उतरण परत दिसू लागते, जणू त्याने त्यांना पदरात घेतले. लेखिकेला हे म्हणायचे नाही, आणि त्या मुलालाही ते आवडणार नाही, असे त्याच्या पत्राचा जो भाग त्यांनी मला कळवला त्यावरून दिसते.

‘आत्मसात करणे’ भाषेपुरते उत्तम आहे. ‘त्याने स्पॅनिश आत्मसात केली’ हे शुद्ध, सरळ मराठी आहे. सबंध संस्कृती मात्र कोणी दोन वर्षांत आत्मसात करीत नाही.

येथे वस्तुस्थिती पाहणे शब्दकोश पाहण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. या पंथातल्या मुलांना २०१२ पासून अठराव्या वर्षी मिशनवर जाता येते. त्याआधी ही मर्यादा एकोणीस वर्षांची होती. कुठे जायचे हे मुलगा ठरवीत नाही, ते पंथाकडून ठरून येते. कोणी पेरूला जातो, तर कोणी आपल्याच देशात राहून स्पॅनिश भाषकांकडे पाठवला जातो. काम जोडीने करायचे असते आणि छातीवरच्या काळ्या पट्टीवर आडनावाच्या आधी ‘एल्डर’ असे लिहिलेले असते. एल्डर म्हणजे वडीलधारा, आणि तो असतो अठरा-एकोणीस वर्षांचा! स्पॅनिशमध्ये या शब्दाचे सरळ भाषांतर ‘आन्सियानो’, म्हणजे म्हातारा, असे झाले असते. बहुधा म्हणूनच तिथल्या मंडळींनी इंग्रजी शब्द तसाच ठेवून फक्त त्याच्या पहिल्या स्वरावर आघातचिन्ह दिले. आपणही ‘एल्डर’च ठेवावे, ‘वडील’ लिहिल्यास मराठी वाचक त्याच्या मुलाबाळांची चौकशी करील. त्याला ‘पाद्री’ही म्हणू नये. आपला ‘पाद्री’ पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आला आणि स्पॅनिशमध्येही हाच शब्द आहे, म्हणजे ज्या घरांत हा मुलगा जातो त्या घरांतही ‘पाद्रे’ म्हणजे कॅथलिक धर्मगुरूच. ‘धर्मप्रचारक’ हा शब्द बरोबर आहे, पण मराठीत ‘प्रचारक’ दुसऱ्याच गणवेशात डोळ्यांसमोर येतो. ‘मिशनरी’ हाच शब्द राहू द्यावा. आपण ‘मिशनरी वृत्तीने काम करतो’ असे कोणाचे कौतुक करतो आणि नुसत्या ‘मिशनरी’ शब्दाने भुवया उंचावतो, ही आपली गंमत आहे. तिचे ओझे या मुलावर कशाला?

आता हा मुलगा नेमके काय करतो ते पाहू. इंग्रजीत ‘यू’वर सगळे आयुष्य काढलेल्या मुलाला तिथे ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांत निवड करावी लागते, म्हणजे आपली एकेरी आणि अहोजाहो. एल साल्वादोर किंवा होंडुरासकडच्या घरात तिसरे ‘वोस’ भेटते, तेही एकेरीच. म्हातारीला ‘उस्तेद’ म्हणायचे आणि प्रार्थनेत देवाला मात्र एकेरीच हाक मारायची, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मराठी बायबलातल्या ‘तुझे नाव पवित्र मानिले जावो’ या प्रार्थनेत आपणही देवाला अहोजाहो करीत नाही. मेक्सिकन घरात हाकेला ओ देताना ‘मांदे’ म्हणतात, शब्दशः ‘आज्ञा करा’. आपल्याकडे जुन्या वळणाचा माणूस ‘जी’ म्हणतो, तशातलेच हे. मेक्सिकन बाई तामाल, म्हणजे सारण भरलेला मक्याच्या पिठाचा उंडा, बहुधा मक्याच्या कणसाच्या वाळलेल्या पानात बांधून उकडते, तर ग्वातेमालाची शेजारीण केळीच्या पानात. कोकणातल्या माणसाला ही दुसरी चटकन ओळखीची वाटेल. साल्वादोरची पुपुसा म्हणजे मक्याच्या पिठाची सारण भरलेली जाड भाकरी, सोबत कोबीचे आंबट लोणचे. पीठ करण्याआधी मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, आणि हा तोच चुना, जो आपण पानाला लावतो.

हे सगळे तो खातो. पण त्याचा पंथ चहा-कॉफी आणि मद्य निषिद्ध मानतो. कोलंबियाच्या घरी पाहुणा आला की कॉफी आलीच, आणि हा मुलगा हात जोडून ती परत करतो. म्हणून ‘त्यांचे खाणेपिणे आपलेसे केले’ असे लिहिले, तर वाक्य मराठी म्हणून निर्दोष आणि माहिती म्हणून अर्धे खोटे ठरेल, कारण ‘खाणे’ खरे आहे आणि ‘पिणे’ नाही. ‘समरस झाला’, ‘एकरूप झाला’ हे शब्दही याच ठेचेला अडखळतात. माळकरी माणूस मासे खाणाऱ्यांच्या घरी वर्षानुवर्षे जातो-येतो, त्यांच्या बारशाला आणि बाराव्याला हजर असतो, आणि त्याच्यासाठी वेगळे वाढले जाते. तो त्या घरात एकरूप झाला असे आपण म्हणत नाही, तो ‘घरचाच झाला’ असे म्हणतो.

मराठीचा कल इथे दिसतो. इंग्रजी वाक्यात माणूस जागेवर उभा राहून संस्कृतीला आपल्याकडे ओढून घेतो. मराठी वाक्यात माणूसच उठून त्या लोकांत जातो. ‘रुळला’, ‘मिसळून गेला’, ‘त्यांच्यातलाच झाला’, ‘घरचा झाला’ ही सगळी अकर्मक क्रियापदे आहेत, आणि लेखिकेला हवा तो जिव्हाळा त्यांच्यातच आहे. सकर्मक हवेच असेल तर ‘आपलेसे करणे’ घ्यावे, पण त्याचे कर्म ठोस असावे. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले, जे १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापले गेले. त्याने ‘मराठी आपलीशी केली’ असे म्हणता येते, कारण भाषा आणि ओवी या हाताला लागणाऱ्या गोष्टी आहेत. ‘संस्कृती’ तशी नाही. शिवाय या शब्दाचे अनेकवचनही ‘संस्कृती’च होते, त्यामुळे मूळ वाक्यातले अनेकवचन, म्हणजे मेक्सिकन वेगळा आणि साल्वादोरचा वेगळा ही जाण, मराठीत विरून जाते. ती ‘निरनिराळ्या देशांतून आलेल्या’ अशा शब्दांनी परत आणावी लागते.

उरलेल्या शब्दांविषयी थोडक्यात. ‘लॅटिनो’ ठेवावे; ‘स्पॅनिश लोक’ म्हणजे स्पेनचे लोक, आणि ब्राझीलचा माणूस लॅटिनो असला तरी पोर्तुगीज बोलतो. ‘स्थलांतरित’ ठीक आहे, पण टेक्ससमध्ये तो सरसकट वापरू नये, कारण हा प्रदेश १८३६ पर्यंत मेक्सिकोत होता आणि काही घराणी तिथून कधी हललीच नाहीत. हलली ती सीमा. ‘ज्यांची सेवा करतो’ यात मराठीला आजारी माणसाचे पाय चेपणे किंवा देवपूजा दिसते, म्हणून ‘ज्यांच्यात काम करतो’ पुरे.

माझी सूचना अशी : ‘मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोर अशा निरनिराळ्या देशांतून आलेल्या ज्या लॅटिनो कुटुंबांत हा तरुण मिशनरी काम करतो, त्यांची भाषा, त्यांचे सणवार आणि त्यांची बोलण्याचालण्याची रीत त्याने आपलीशी केली असून आता तो त्यांच्या घरचाच झाला आहे.’ शीर्षकाला ‘लॅटिनो वस्तीत रुळलेला एल्डर’ एवढे पुरेल.

‘उन आब्रासो’ म्हणजे शब्दशः ‘एक मिठी’. स्पॅनिश भाषक ते पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, रोज लिहितात आणि त्यात मिठी मोजत नाहीत. ‘लोभ असावा’ लिहून खाली त्याचे नाव घालावे.